जुन्या गाडीला नवी ब्रेक डिस्क घेताना

पुण्यातल्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत सुट्या भागांच्या काउंटरवर जाऊन "पल्सरची पुढची डिस्क द्या" म्हटलं, की पलीकडून उलट प्रश्न येतो, "कुठली पल्सर?" प्रश्न रास्त आहे. पल्सर २००१ पासून रस्त्यावर आहे. सुरुवातीच्या गाड्यांना स्पोकची चाकं होती, पुढे अलॉय आली. पल्सर १८० ला आधी २४० मिलिमीटरची डिस्क होती, २००९ च्या मॉडेलला २६० ची आली. हीरो होंडाची पहिली सीबीझेड १९९९ ची. नंतरची सीबीझेड एक्स्ट्रीम नावाने तिची बहीण, पण इंजिनापासून सगळी गाडीच वेगळी. २००३ च्या करिझ्माला पुढे २७६ ची डिस्क, जुन्या थंडरबर्डला आणि पहिल्या क्लासिक ३५० ला २८० ची. म्हणजे नुसतं नाव सांगून भागत नाही. साल सांगूनही भागेलच असं नाही, कारण तीन मालकांच्या हातांतून गेलेल्या गाडीला मधल्या कुणीतरी पुढचं चाक किंवा अख्खा फोर्कच (चाक धरणारे पुढचे दोन दांडे) दुसऱ्या गाडीचा बसवलेला असू शकतो. आरसी बुकात ते लिहिलेलं नसतं.

म्हणून जुन्या गाडीची डिस्क मापावर घ्यायची. शक्य असेल तर जुनी डिस्क काढून सोबत न्यायची, नसेल तर मापांचा कागद खिशात ठेवायचा. चाक मेकॅनिककडून काढून घेणार असाल तरी मापं स्वतः घ्या. गॅरेजमध्ये सकाळी आठ गाड्या लागलेल्या असतात. तुमच्या डिस्कची जाडी चार ठिकाणी तपासायला तिथे कुणाला वेळ नसतो, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

दोष खरंच डिस्कचा आहे का?

ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडते, ताशी पन्नास-साठला हँडल थरथरतं, आणि निकाल लागतो, "डिस्क आउट झालीय." बरेचदा निकाल बरोबर असतो. पण पैसे टाकण्याआधी बाकीचे संशयित तपासून घ्या, अर्धा तास पुरतो.

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी करा. टायर वर आणि खाली धरून आडवा हलवा. खटखट लागली तर व्हील बेअरिंग गेलं. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. हँडलच्या बुडाशी खटका जाणवला तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला किंवा संपलेला. या दोन्ही गोष्टी ब्रेक मारताना थरथर देतात आणि आळ डिस्कवर येतो.

त्यानंतर पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे तुकडे, काढून शेजारी शेजारी ठेवा. पॅड धरून दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर, आणि जुन्या गाड्यांवर बहुतेक वेळा तो सरकता असतो. पिस्टन एकाच बाजूला असतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसरा पॅड डिस्कवर आणतो. पावसाळ्यात त्या पिनांचं ग्रीस धुऊन जातं, रबरी बूट फाटलेला असतो, पिन गंजून अडकते. मग एक पॅड अर्धा शिल्लक आणि दुसरा पत्र्यापर्यंत घासलेला असं दृश्य दिसतं. तसं असेल तर आधी पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. तसंच ठेवून नवी डिस्क बसवलीत, तर तीही एका बाजूने खाल्ली जाईल.

आणखी एक प्रकार फसवा आहे. घाट उतरून गाडी खाली आली, डिस्क तापून लाल व्हायची तेवढी बाकी आहे, आणि तुम्ही नाक्यावर ब्रेक दाबून दोन मिनिटं उभे राहिलात. पॅडचा मसाला, म्हणजे त्याचा घासणारा थर, त्या एका जागी डिस्कवर छापला जातो. पुढे प्रत्येक फेऱ्याला ती जागा आली की लिव्हर ढकलली जाते. डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर डाग बसलेला असतो. १२० किंवा १५० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल-गोल घासा, ब्रेक क्लीनरने पुसा, पॅडचा चकचकीत झालेला थर काढा किंवा पॅडच बदला. पुष्कळदा काम इथेच संपतं.

डिस्कला मात्र भोकांपासून निघणाऱ्या चिरा दिसल्या तर पुढचं काही तपासू नका. चीर गेलेली डिस्क बदलायचीच.

जाडी मोजताना होणारी गंमत

बहुतेक डिस्कवर, मधल्या भागावर किंवा कडेला, इंग्रजी अक्षरांत 'मिनिमम थिकनेस' अशा अर्थाचं काहीतरी कोरलेलं असतं आणि पुढे आकडा असतो, समजा ३.५ मिलिमीटर. गंज आणि मळ असेल तर वायर ब्रशने साफ करून बघा, कधी आतल्या बाजूला असतो. नवी डिस्क ४ ची, मर्यादा ३.५ ची, किंवा नवी ५ ची आणि मर्यादा ४.५ ची, अशा जोड्या नेहमी दिसतात. अर्धा मिलिमीटर, म्हणजे एका बाजूने पाव. एवढीच डिस्कची कमाई असते. तुमच्या गाडीचा खरा आकडा डिस्कवरचा किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधला. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका.

आता मोजायला साधा व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मापपट्टी) घेतलात तर तो हमखास फसवतो. पॅड डिस्कच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे बाहेरच्या कडेला न झिजलेली बारीक धार उरते. व्हर्नियरचे सपाट जबडे त्या धारेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क नव्यासारखी दाखवतात. मायक्रोमीटर असेल तर प्रश्न मिटला, कारण त्याचं टोक धारेच्या आत जाऊन पट्ट्यावर बसतं. नसेल तर दोन सारखी नाणी घ्या. डिस्कच्या दोन्ही बाजूंना, पॅड घासतो त्या पट्ट्यावर एकेक नाणं ठेवा, बाहेरून व्हर्नियर लावा, आणि आलेल्या मापातून त्या दोन नाण्यांची एकत्र जाडी वजा करा. कोनसेट बदलण्याच्या खर्चात चांगला मायक्रोमीटर येतो हे खरं, पण एका कामासाठी नाणी पुरतात.

निदान चार ठिकाणी मोजा. सगळीकडे ३.६ आलं तर डिस्क म्हातारी आहे पण सरळ आहे. एका ठिकाणी ३.८ आणि समोर ३.६ आलं, तर लिव्हरची धडधड कुठून येते ते कळलं, आणि या डिस्कला लेथवर तासून वाचवण्याइतकं मांस उरलेलं नाही हेही कळलं.

वाकडेपणा बघायला डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक, लागतं. त्याच्या चुंबकी स्टँडचा इथे काही उपयोग होत नाही, कारण फोर्कचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो आणि चुंबक त्याला चिकटत नाही. फोर्कला सी-क्लॅम्पने लोखंडी पट्टीचा तुकडा बांधा (रंग खरवडू नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा) आणि स्टँड त्या पट्टीवर चिकटवा. गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून थोडं आत ठेवून चाक सावकाश फिरवा. अनेक मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास असते, काहींत त्याहून कडक. गेज नसेल तर फोर्कला झिप टाय बांधून त्याचं कापलेलं टोक डिस्कला जेमतेम लागेल असं ठेवा आणि फिरवून फट बघा. आकडा कळणार नाही, पण ठळक वाकडेपणा लपणार नाही.

कागदावर काय काय लिहायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि लोक याच भागावरून पटकन पुढे सरकतात. डिस्क काढल्यावर ती सपाट टेबलावर ठेवा आणि खालची मापं घ्या.

बाहेरचा व्यास सरळ आहे, पट्टीने किंवा मोठ्या व्हर्नियरने मोजा. झिजलेल्या डिस्कचा व्यास झिजत नाही, त्यामुळे हे माप विश्वासाचं. नवी डिस्क तीन-चार मिलिमीटरनेही लहान घेतलीत तर पॅडची वरची कड हवेत राहते, तिथे मसाला झिजत नाही आणि त्याची पायरी तयार होते. मोठी घेतलीत तर ती कॅलिपरच्या आत घासते.

मधलं भोक व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी दशांश मिलिमीटरपर्यंत मोजा. अनेक हबवर (चाकाच्या मधल्या गाभ्यावर) डिस्क याच भोकावर केंद्रात बसते, बोल्ट फक्त दाबून धरतात. भोक मोठं असेल तर डिस्क थोडी विकेंद्री बसेल. भोक अर्ध्या मिलिमीटरने लहान असलेली डिस्क हातोड्याने ठोकून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. ती डिस्क पहिल्याच दिवशी वाकडी होते.

बोल्ट किती, त्यांची भोकं किती व्यासाची, आणि ती ज्या काल्पनिक वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती, हेही लिहा. या वर्तुळाला दुकानात पीसीडी म्हणतात. सहा किंवा चार बोल्ट असतील तर सोपं: समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर म्हणजेच पीसीडी. एका भोकाच्या डाव्या कडेपासून समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की आपोआप केंद्र ते केंद्र मिळतं, केंद्र शोधत बसावं लागत नाही. पाच बोल्ट असतील तर समोर भोकच येत नाही. मग शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. तीनच बोल्ट असतील तर शेजारच्या अंतराला १.१५५ ने गुणायचं. समजा पाच बोल्टच्या डिस्कवर शेजारचं अंतर ५८.८ आलं, तर पीसीडी १०० मिमी.

आता ऑफसेट. काही डिस्क ताटासारख्या सपाट असतात, काही मध्ये बशीसारख्या खोलगट. हबवर टेकणारा भाग आणि पॅड घासणारा पट्टा यांच्या पातळीतला फरक म्हणजे ऑफसेट. डिस्क पट्ट्यावर पालथी ठेवा, मधल्या भागावर सरळ पट्टी आडवी धरा आणि खोली मोजा. बाकी सगळी मापं जुळूनही ऑफसेट दोन मिलिमीटरने चुकला तर डिस्क बसते, बोल्ट आवळले जातात, चाकही फिरतं. सरकता कॅलिपर तेवढा सरकून घेतो, त्यामुळे दुकानाच्या दारात सगळं ठीक वाटतं. पण तो पिनांच्या टोकाशी जाऊन काम करतो, आणि पॅड झिजत गेले की कॅलिपरचा कंस डिस्कला लागायला लागतो. दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेल्या, न सरकणाऱ्या कॅलिपरमध्ये तर पहिल्यापासूनच एक बाजू दाबलेली राहते. 'थोडंसं ॲडजस्ट होईल' हे वाक्य ऑफसेटच्या बाबतीत ऐकलं की डिस्क परत काउंटरवर ठेवा. मध्ये वॉशर टाकून ऑफसेट जमवण्याचा उद्योग तर कधीच नको.

शेवटी नव्या डिस्कची मूळ जाडी, मॅन्युअलमधून. जुनी झिजलेली असल्याने तिच्यावरून हे माप घेता येत नाही. चारच्या जागी पाचची डिस्क घेतलीत तर नवे पॅड घालायला जागाच उरत नाही.

एवढं कागदावर असेल तर कंपनीचा पार्ट नंबर शोधण्यातही मदत होते. जुन्या मॉडेलचे पार्ट नंबर कंपन्या बदलत असतात, जुन्या नंबरच्या जागी नवा नंबर येतो आणि काउंटरवरचा माणूस जुना टाइप करून "बंद झालं" सांगतो. "याच्या जागी कुठला नंबर आलाय का, बघता का?" एवढं विचारा. हीरो आणि होंडा २०१० मध्ये वेगळे झाले, पण आधीच्या गाड्यांचे भाग हीरोकडेच शोधायचे. होंडाच्या शोरूममध्ये करिझ्माची डिस्क मागणारे अजून भेटतात.

बाजारात काय मिळतं

मिळत असेल तर गाडीच्या कंपनीची डिस्क घ्या. फार विचार करू नका. ती दिसायला साधी असते, तिला लाल-निळ्या कडा नसतात, पण मापं जुळतात आणि पोलाद योग्य असतं.

ती मिळाली नाही तर मूळ पुरवठादाराकडे वळा. ब्रेकचे भाग गाडीची कंपनी बहुधा स्वतः बनवत नाही. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स दुचाकींच्या ब्रेकचे भाग बनवते. इटलीच्या ब्रेम्बोचा लहान-मध्यम गाड्यांसाठीचा बायब्रे हा ब्रँड पुण्याजवळ तयार होतो. त्यांच्या स्वतःच्या खोक्यात तुमच्या मापाची डिस्क मिळाली तर समाधानाने घ्या. परदेशी जुन्या गाड्यांसाठी ब्रिटनच्या ईबीसीची यादी मोठी आहे, आणि आपल्याकडच्या काही गाड्यांनाही त्यांचे पॅड चालतात.

त्याखालोखाल येतो नाव नसलेला माल. सगळाच टाकाऊ असतो असं नाही, पण तपासून घ्यावा लागतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली आहे का? नसेल तर बनवणाऱ्याने त्याचा विचारच केलेला नाही असं धरा. काउंटरच्या काचेवर डिस्क पालथी ठेवून पट्ट्याच्या कडेखाली फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) ०.२ मिमीची पाती सरकते का बघा. पातळ पाती सगळीकडे अडली पाहिजे. भोकांच्या आतल्या कडा बोटाने चाचपा. धारदार बर (धातूची कुसळं) राहिलेली असेल तर ती पॅड किसणार. आणि खिशात एक चुंबक ठेवा. मोटारसायकलच्या डिस्कसाठी जे कडक होणारं स्टेनलेस पोलाद वापरतात ते चुंबकाला चिकटतं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं स्टेनलेस बहुतेक चिकटत नाही आणि ते डिस्कला फार मऊ. चुंबक चिकटला म्हणजे डिस्क चांगली असं सिद्ध होत नाही, पण नाही चिकटला तर उत्तर तिथेच मिळालं.

पेटल डिस्कचा मोह अनेकांना होतो. लाटांसारखी कड छान दिसते, वजन थोडं घटतं. २०१२ ची पल्सर २०० एनएस कारखान्यातूनच पेटल डिस्क घेऊन आली, तिथे ती हिशेबाने बसवलेली आहे. तुमच्या २००४ च्या गाडीला मात्र कड खाचेची असेल तिथे पॅडचा वरचा भाग अधूनमधून डिस्कबाहेर जातो. त्याच मॉडेलसाठी बनवलेली असेल तरच घ्या. फ्लोटिंग डिस्कचंही तसंच: आतला ॲल्युमिनियमचा भाग आणि बाहेरची पोलादी कडी मधल्या बटणांनी जोडलेली असते, म्हणजे तापल्यावर कडीला फुगायला वाव मिळतो. मोठ्या गाड्यांना ती शोभते. एका पिस्टनच्या कॅलिपरला तिच्यामुळे फारसं काही मिळत नाही, आणि ऑफसेट जुळवणं अवघड होतं.

मोठ्या व्यासाची डिस्क टाकून ब्रेक 'पॉवरफुल' करण्याचे किट मिळतात. त्यासाठी कॅलिपरचा कंस बदलावा लागतो, आणि तो कंस कुणी, कशाच्या पत्र्यातून कापलाय यावर तुमचा जीव टांगलेला असतो. जुन्या गाडीचा ब्रेक मऊ लागतो तो बहुधा फुगलेला रबरी होज (ऑइलची नळी), जुनं ब्रेक ऑइल आणि दगडासारखे झालेले पॅड यांच्यामुळे. आधी ते बदला.

कुणाकडे सत्तरच्या दशकातली परदेशी गाडी असेल तर एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० ने पुढची हायड्रॉलिक डिस्क कारखान्यातून येणाऱ्या मोठ्या उत्पादनाच्या गाडीवर आणली, स्टेनलेसची आणि बिनभोकांची. त्या काळच्या अशा डिस्क पावसात पहिला क्षण काहीच धरत नाहीत, मग एकदम धरतात. भोकं पाडलेली बदली डिस्क इथे खरंच उपयोगी ठरते. याउलट काही जुन्या युरोपियन गाड्यांच्या डिस्क बिडाच्या असतात. एका पावसाळी रात्रीत त्या तांबूस होतात आणि पहिल्या दोन ब्रेकमध्ये स्वच्छ होतात. तो गंज दोष नव्हे. त्यांना सिंटर्ड (धातूची पूड दाबून बनवलेले) पॅड मात्र लावू नका, बीड फार लवकर खाल्लं जातं.

पाव मिलिमीटरने काय फरक पडतो

"अजून चालेल की," असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. गाडी आणि दोन माणसं मिळून ३०० किलो धरा, वेग ताशी ६० किमी. थांबेपर्यंत सुमारे ४२ हजार ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातली ७० टक्के पुढच्या डिस्कवर गेली आणि डिस्क एक किलोची असली, तर एका थांब्यात ती साठेक अंशांनी तापते. शहरात ती वाऱ्याने गार होते.

आता आंबेनळी घाट घ्या. महाबळेश्वर १,३५३ मीटरवर, खाली पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. तीच ३०० किलोची गाडी साधारण १,३०० मीटर खाली येताना ३८ लाख ज्यूल कुठेतरी सोडते, म्हणजे साठच्या वेगातून नव्वद वेळा थांबण्याइतकी ऊर्जा. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन आणि वारा त्यातला मोठा वाटा उचलतात. न्यूट्रलमध्ये 'पेट्रोल वाचवत' उतरलात तर जवळजवळ सगळं ब्रेकवर. ४ ची डिस्क झिजून ३.३ झाली असेल तर पट्ट्याचं सहाव्या हिश्श्याहून जास्त वजन गेलेलं असतं. तेवढीच उष्णता कमी धातूत जाते, डिस्क जास्त तापते, पॅड गुळगुळीत होतो आणि कॅलिपरमधलं ऑइल उकळतं. नवं कोरडं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल २३० अंशांपर्यंत टिकतं, पण ओलावा प्यायलेलं १५५ पर्यंतच. कोकणात पावसाळा काढलेल्या गाडीचं ऑइल नेहमी दुसऱ्या प्रकारात मोजा, आणि डिस्कबरोबर तेही बदला.

पातळ डिस्कचा आणखी एक धोका आहे. डिस्क आणि पॅड दोन्ही झिजलेले असले, की पिस्टन जास्त बाहेर येतो. तो तिरका होऊन अडकू शकतो, सीलच्या बाहेर येऊन ऑइलही गळू शकतं.

याच कारणाने 'लेथवर फेस मारून देतो' या सल्ल्याला हात जोडा. पाव मिलिमीटरची गंज-खाच काढायला दोन्ही बाजूंनी पाव-पाव काढलं की डिस्क मर्यादेवर येते. शिवाय हे पोलाद कडक असतं, पातळ डिस्क लेथवर थरथरते आणि पृष्ठभाग लाटांचा होतो. जुन्या बाजारातली डिस्क घेणार असाल तर तिथेच नाण्यांची युक्ती करा आणि काचेवर ठेवून बघा. अपघाती गाडीची पुढची डिस्क नको.

बसवताना

डिस्क बदलणार असाल तर पॅड नवेच घ्या. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चऱ्या उमटलेल्या असतात.

चाक बाहेर असताना लिव्हर दाबायची नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येतो. पॅडच्या मध्ये लाकडाची चपटी पाचर सरकवून ठेवा, म्हणजे घरातल्या लहान मुलाने हँडलशी खेळ केला तरी बिघडणार नाही. डिस्कचे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बहुधा थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव, लावून बसवलेले असतात. जोर लावून की फिरवली तर डोकं गोल होतं. हीट गनने बोल्टचं डोकं तापवा, चांगल्या प्रतीची ॲलन की हातोडीने हलकेच ठोकून आत बसवा, मग एका झटक्यात सोडवा. टॉर्क्स बोल्ट (डोक्यात तारेच्या आकाराची खाच) असतील तर त्याच मापाचा बिट हवा, ॲलन घुसवू नका. जमेल तर बोल्ट नवे, कंपनीचेच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट इथे नको.

हबचा जो चेहरा डिस्कला टेकतो तो खरवडून, पुसून अगदी स्वच्छ करा. रिस्टोर केलेल्या गाड्यांत हमखास सापडणारा घोळ म्हणजे चाकाला पावडर कोटिंग करताना हा चेहरा झाकलेला नसतो. रंगाचा एक गुठळा डिस्क वाकडी बसवायला पुरतो. मग नव्या कोऱ्या डिस्कवर डायल गेज ०.३ दाखवतं आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा. मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर एकेक थेंब, बोल्ट हाताने बसवून मग समोरासमोर आलटून-पालटून दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, किती ते मॅन्युअलमध्ये बघा. आठ मिलिमीटरच्या बोल्टलाही वेगवेगळ्या गाड्यांत वीसपासून चाळीस न्यूटन-मीटरपर्यंत आकडे असतात, त्यामुळे अंदाज नको. टॉर्क पान्हा नसेल तर एवढं एक काम तो असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्याने दोन्ही बाजू पुसा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यातलं काही नको, त्यांचा थर मागे राहतो. चाक बसवल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करा. गाडी ढकलून निघण्याआधी हे केलं नाही, तर पहिल्या वळणावर लिव्हर हँडलला टेकते.

मग मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून पंधरा-वीसवर, मध्यम दाबाने, वीस-पंचवीस वेळा वेग कमी करा. मध्ये डिस्कला गार व्हायला वेळ द्या आणि पूर्ण थांबू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक आणि घाट टाळा. या दिवसांत ब्रेक थोडा लाकडासारखा लागतो, ते चालायचंच. वॉशिंग सेंटरवाल्याला टायर-पॉलिशचा फवारा पुढच्या चाकाकडे मारू देऊ नका.

तीनशे किलोमीटर झाले की बोल्टवर टॉर्क पान्हा पुन्हा एकदा ठेवून बघा आणि नव्या डिस्कची जाडी किलोमीटरसकट सर्व्हिसच्या वहीत लिहा. जुनी डिस्क भंगारात देण्याआधी तिला ग्राइंडरने आरपार एक काप मारा, नाहीतर पॉलिश होऊन ती कुणाच्या तरी काउंटरवर परत येते.